काहूनवरील व्याख्यान : थडग्यांपेक्षा घरांकडे पाहणारे

मँचेस्टरमधील एका स्थानिक अभ्यासमंडळाची प्राचीन इजिप्तच्या पुरातत्त्वावरील सार्वजनिक व्याख्याने, ममी आणि सोन्याचे मुखवटे यांपलीकडे काही जाणून घेऊ इच्छिणाऱ्यांना आवडतील अशी आहेत. त्यांतील काहून या प्राचीन इजिप्शियन वसाहतीवरील व्याख्यान मला सर्वांत सरस वाटले. इजिप्तचा राजा दुसऱ्या सेनुस्रेतच्या पिरॅमिडशी निगडित असलेल्या या वसाहतीचे उत्खनन ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८९ मध्ये हाती घेतले. त्यांच्या कामाला कापडव्यापारी जेसी हॉवर्थ यांनी पैसा पुरवल्यामुळे तिथली अवजारे, भांडी आणि खेळणी मोठ्या संख्येने मँचेस्टरच्या संग्रहालयात आली. कापसावर उभ्या राहिलेल्या या शहराचे इजिप्तशी असलेले नाते त्यातून उलगडते. काहूनमधील जाड भिंतीने वेगळी काढलेली लहान घरांची वस्ती आणि पलीकडचे प्रशस्त वाडे यांचा नकाशा वक्त्यांनी इतक्या सावकाश समजावला, की सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीची सामाजिक उतरंड विटांमध्ये वाचता आली.

राजवंशांचा कालक्रम मात्र घाईने उरकला गेला, त्यामुळे नवख्या श्रोत्यांची दमछाक झाली असावी. पडद्यावरील चित्रांखालची अक्षरे मागच्या रांगांतून वाचता येत नव्हती, आणि प्रश्नोत्तरांना दिलेला वेळ अपुरा होता. चहापानाच्या वेळी वक्ते श्रोत्यांशी मोकळेपणाने बोलतात, हे मात्र मुद्दाम नोंदवावेसे वाटते. मुलांना नेणार असाल, तर आधी संग्रहालयातील काहूनच्या वस्तू दाखवून मग व्याख्यानाला जावे.