दांडीच्या मशीनवर निघणारी ‘व्हिटॅमिन सी’ची कमतरता: ही फसवणूक कशी होते

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’चा फलक लागतो. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली छोटी डबी आणि डबीच्या वायरला धातूची दांडी. नाव, वय, उंची, वजन भरून घेतात, दांडी मुठीत घट्ट धरायला सांगतात आणि मिनिटभरात पानंच्या पानं रिपोर्ट निघतो. त्यात व्हिटॅमिन सी कमी दाखवलं, की लगेच तीन महिन्यांचा ‘कोर्स’ पुढे येतो: सीच्या गोळ्या, मिनरल ड्रॉप्स, बिल काही हजारांचं.

पैसे देण्याआधी तो रिपोर्ट नीट पाहा. अशा रिपोर्टमध्ये सीसमोर 4.543 ते 5.023 अशी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली सापडते. पुढे एकक नाही. लॅब हाच आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देते. निरोगी माणसात तो साधारण 0.4 ते 2 असतो, 0.2च्या खाली गेला की कमतरता धरतात. दशांश चिन्हापुढचे तीन आकडे बघून माणूस गप्प बसतो, पण मुठीतली दांडी फार तर तळहाताच्या कातडीचा विद्युतरोध मोजेल. घाम आला की तोही बदलतो. खात्री करायची असेल तर त्याच माणसाला वय वीस वर्षांनी वाढवून, वेगळ्या नावाने पुन्हा दांडी धरायला लावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

रक्तातलं सी मोजणं मुळात नाजूक काम आहे. हवा, उजेड, उष्णता लागली की ते झपाट्याने नष्ट होतं, म्हणून नमुना उजेडापासून झाकून बर्फावर ठेवायचा, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) लगेच वेगळा करून गोठवायचा. हयगय झाली तर धडधाकट माणसाचाही आकडा कमी येतो. त्यामुळे डॉक्टर आधी लक्षणं बघतात: हिरड्या सुजून रक्त येणं, पायांवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके, स्क्रूसारखे वळलेले केस, न भरणारी जखम. रोज 10 मिलिग्रॅमपेक्षाही कमी सी मिळत राहिलं तर एक ते तीन महिन्यांत ही लक्षणं दिसू लागतात. चहा-बिस्किटांवर राहणारे एकटे वृद्ध, दारूचं व्यसन असलेले आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांना हा धोका खरा आहे. नुसत्या थकव्यावरून कोणी सीची कमतरता सांगत असेल तर ऐकू नका.

आयसीएमआरच्या 2020च्या शिफारशीनुसार रोजची गरज पुरुषांना 80 आणि स्त्रियांना 65 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलिग्रॅम असतं. 500ची साधी गोळी मेडिकलमध्ये दोन-तीन रुपयांना मिळते.

क्लोराइड कमी आहे असं सांगून होणारी ‘मिनरल ड्रॉप्स’ची विक्री तर त्याहून वाईट. मिठाचा 60 टक्के भाग क्लोराइडच असतो. 5 ग्रॅम मिठातून 3 ग्रॅम क्लोराइड पोटात जातं. जेवणातून ते कमी पडल्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1979च्या सुमारास तिथे सोयाच्या बाळदुधात क्लोराइड कमी पडलं, बाळं आजारी पडली आणि 1980मध्ये बाळदुधासाठी कायदा झाला. मोठ्या माणसात क्लोराइड उतरतं ते बहुतेकदा सतत उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे. अशा वेळी थेंब घेत बसलं तर खऱ्या कारणावरचा उपचार राहून जातो. ‘मिनरल ड्रॉप्स’ म्हणजे बऱ्याचदा मॅग्नेशियम क्लोराइडचं खारट पाणी, आणि किडनी अधू असलेल्यांना तेही घातक ठरू शकतं. तपासायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’ ही रक्तातल्या क्षारांची तपासणी करा. क्लोराइड साधारण 96 ते 106 मिलिमोल प्रति लिटर असावं.

सीची दिवसाला 2000 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नका. जुलाब होतात, मुतखडा झालेल्यांना पुन्हा खडा होण्याची भीती असते. मधुमेहींनी जास्तच जपावं: सीचा डोस मोठा असेल तर काही ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि तो आकडा पाहून इन्सुलिन वाढवलं तर साखर धोकादायक पातळीला उतरते.

पैसे गेले असतील तर रिपोर्ट, बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि बाटली, फोडलेली असली तरी, जपून ठेवा. लेबलवरचा बॅच नंबर आणि 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक टिपून घ्या. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक नसेल तर तक्रारीत तसं लिहा. ग्राहक हेल्पलाइन 1915वर नोंद करा आणि लेखी अर्ज जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.