पणजीतील निर्वासित कायद्याचा मराठी वर्ग

या सशुल्क वर्गाचे खरे मोल निर्वासितांना संरक्षण देणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारातील ‘१ फ’ या कलमाच्या विवेचनात आहे. युद्धगुन्हा किंवा मानवतेविरुद्धचा गुन्हा केल्याचे मानण्यास गंभीर कारणे असल्यास हे कलम संरक्षण नाकारते. परंतु गुन्हेगार राजवटीची नोकरी केली एवढ्यावरून माणूस सहभागी ठरतो काय, हे शिक्षकांनी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील एझोकोला निकालावरून, घाई न करता, उलगडून दाखवले. त्या निकालानुसार राजवटीच्या गुन्ह्यांतील योगदान स्वेच्छेचे, लक्षणीय आणि जाणूनबुजून केलेले असावे लागते. (अर्जदार एझोकोला हा राजीनामा दिलेला काँगोचा राजनैतिक अधिकारी होता.) भारत या कराराचा पक्षकार नाही, हा गोव्यातील वकिलांना सर्वाधिक लागणारा भाग मात्र अखेरीस उरकण्यात आला. टिपणे उत्तम, शुल्क किंचित जास्त.