पावतीवर लिहिलं होतं : जुना रुपया, 1 नग

मी दहावी पास झाले तेव्हा, म्हणजे 1984मध्ये, बाबांनी इतवारीच्या सराफ्यातून माझ्यासाठी 1939 सालचा एक रुपया आणला होता. तो रुपया आता माझ्याकडे नाही. त्याच्या जागी तसाच दिसणारा एक तुकडा आहे. हे कसं घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण कपाटात जुन्या नाण्यांचा एखादा डबा असलेली बरीच घरं नागपुरात असतील आणि जुनी घरं बिल्डरकडे जाताना ते डबे आता बाहेर निघत आहेत.

नाणी मी सातवीपासून जमवायचे. भोकाचे पैसे, चवल्या, पावल्या, दुदांडी शिवराया, 1947चा वाघाचा निकेलचा रुपया. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, गेले की बाकीची मुलं भुसा भरलेल्या प्राण्यांपाशी थांबायची, मी नाण्यांच्या काचेला नाक लावून उभी असायचे. 1993मध्ये लग्न होऊन भिलाईला गेले आणि डबा नागपूरच्या महाल भागातल्या माहेरच्या कपाटात राहिला. आम्ही नागपूरला परत आलो ते 2022मध्ये. आई गेली, घर पाडायला दिलं आणि डबा माझ्याकडे आला. मुलांना त्यात रस नाही. म्हटलं, ज्याला कदर आहे त्याच्याकडे जाऊ दे.

इथेच माझं चुकलं. नाणी मला ओळखता येत होती, पण बाजार तीस वर्षांत पार बदलला होता आणि त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. नाण्यांच्या एका प्रदर्शनात भेटलेल्या माणसाला मी सरळ विचारलं, "याचे काय येतील?" भाव विचारणाऱ्याला भाव माहीत नाही, हे समोरच्याला तेवढ्या एका वाक्यात कळतं.

तो घरी आला. वागायला अत्यंत नम्र, चपला दाराबाहेर काढून आत आला, मला ताई आणि यांना भाऊजी म्हणाला. पहिल्या दिवशी त्याने फक्त बारा साधी नाणी घेतली आणि त्यांचे सहा हजार रुपये रोख मोजून दिले. प्रदर्शनात टेबलांवर ढिगाने पडलेली असतात तसली ती नाणी, भोकाचे पैसे आणि आणे. मला वाटलं, भला माणूस आहे, जास्तच देतोय. ते सहा हजार कशासाठी होते ते मला आता कळतं. कुणी सामान्य नाण्याला अवाच्या सवा भाव देऊ लागला, तर त्याचा डोळा डब्यातल्या दुसऱ्या कशावर तरी आहे असं समजा.

दुसऱ्या वेळी चांदीचे रुपये निघाले. एकतीस होते, सगळे 1940च्या आधीचे. त्याने खिशातला छोटा काटा काढला, वजन केलं आणि म्हणाला, "ताई, जुन्या चांदीत खोट असते न, ऐंशी टक्के धरतो." मी हो म्हटलं. नंतर हिशोब मांडला. त्या काळचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी 91.7 टक्के. एकतीस रुपयांचे झाले सुमारे 361 ग्रॅम. त्यात शुद्ध चांदी 331 ग्रॅम, त्याने धरली 289. झिजेचं थोडं वजा केलं तरी जवळपास साडेतीन तोळे चांदी फक्त बोलण्यात गेली. शिवाय ही निव्वळ मोडीची किंमत. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर 1862 हेच साल पुढे कितीतरी वर्षं छापलं जात होतं आणि त्यातले प्रकार बारीक ठिपक्यांवरून ओळखतात. हे मला शाळेत असताना पाठ होतं. माझ्याकडे असे सात रुपये होते. भिंगाने न बघताच मी ते वजनावर देऊन टाकले.

1939चा रुपया मी वेगळा ठेवला होता. पुढच्याच वर्षापासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि 1939चे चांगल्या चांदीचे रुपये फार थोडे हाती लागतात. म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर फिरतात. तो म्हणाला, "मी दिल्लीला जाऊन राहिलो ताई, तिथे तज्ज्ञाला दाखवतो, सर्टिफिकेट आणतो, मग खरी किंमत येईल." पावती दिली. तिच्यावर लिहिलं होतं, "जुना रुपया, 1 नग". साल नाही, वजन नाही, किंमत नाही. मी ती घडी करून पर्समध्ये ठेवली.

सोळा दिवसांनी तो रुपया घेऊन आला. चेहरा पाडून म्हणाला, "वाईट वाटते ताई, पण हा नकली निघाला. तुमच्या बाबांना कुणीतरी फसवलं असेल तेव्हा."

मी नाणं हातात घेतलं आणि फरशीवर टाकून पाहिलं. बाबांनीच शिकवलं होतं. चांदीचा रुपया खणखणतो आणि आवाज लांबतो, हा थाडकन पडून गप्प झाला. माझ्या रुपयावर राजाच्या मानेपाशी बारीक आडव्या रेघा होत्या, कारण आतेबहिणीच्या नाण्यांसारखा चमकावा म्हणून मी अकरावीत असताना तो चिंचेने आणि राखेने घासला होता. घासल्याने नाण्याची किंमत उतरते हे तेव्हा माहीत नव्हतं. या नाण्यावर एकही रेघ नव्हती, पण गालावर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते, साच्यात ओतलेल्या धातूवर राहतात तसे. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सराफाकडे वजन केलं, 10.74 ग्रॅम भरलं. बाबांनी रुपया घेतला त्या दिवशी सराफाने तो माझ्यासमोर काट्यावर ठेवला होता, बरोबर तोळा भरला होता.

पैशाचं दुःख आहेच. पण ज्या माणसाने पगारातून महिनोन्‌महिने बाजूला काढून तो रुपया आणला, तो फसला असेल असं माझ्याच घरात बसून मला ऐकवलं गेलं, ते सहन होत नाही.

पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दिलेला रुपया हाच नव्हता, हे कशावरून?" पावती दाखवली. त्यांनी ती वाचून परत केली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, विश्वासघाताला 316 आहे, पण दोन्हींसाठी काय दिलं होतं ते आधी दाखवावं लागतं. तेच माझ्याकडे नव्हतं. अर्ज दिला आहे.

म्हणून डबा कुणालाही दाखवण्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, एक फोटो काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा. साल, वजन आणि नाण्यावरचा प्रत्येक ओरखडा वहीत लिहा. तपासणीला द्यायचंच असेल तर तेच वर्णन आणि ठरलेली किंमत पावतीवर लिहून सही घ्या, ओळखपत्राची प्रत घ्या. त्याला हे चालत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. किमान तिघांकडून भाव घ्या, आणि पहिला भाव सांगणारे तुम्ही असू नका. नाणी घासू नका.

याच काळात मला दोन फोनही आले. रिझर्व्ह बँकेतून बोलतो, तुमच्या नाण्यांचे लाखो मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. असे पैसे कुणी भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

माझ्या रुपयाची खूण पुन्हा सांगते. 1939, सहावा जॉर्ज, मानेखाली पाच-सहा बारीक आडव्या रेघा, आणि सालातल्या शेवटच्या 9च्या समोर काठावर तांदळाच्या कणीएवढा खोक. इतवारीत, बर्डीवर किंवा एखाद्या प्रदर्शनाच्या टेबलावर तो दिसला, तर विकणाऱ्याला एवढंच विचारा की हा कुठून आला, आणि त्याचा फोटो काढून ठेवा.