नाणेघाट की माथेरानची गाडी? घाटवाटांचा वारसा बघायला एकच दिवस असेल तर

कोकणातला माल आणि माणसं सह्याद्री चढून वर कशी गेली, हे प्रत्यक्ष बघायचं तर मुंबई-ठाण्याहून दोन ठिकाणांपैकी कोणतंही एक, एका दिवसात होतं. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरेहून चढणारा नाणेघाट हे एक, कर्जत तालुक्यातल्या नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी हे दुसरं. बोरघाट मुद्दाम बाजूला ठेवला आहे. 1863 साली सुरू झालेला तो लोहमार्ग महत्त्वाचा खराच, पण पुण्याच्या कुठल्याही गाडीत बसलं की तो दिसतो. कर्जतला मागे जोडली जाणारी बँकर इंजिनं, 1:37 चा चढ (37 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर) आणि एकामागून एक बोगदे तिकिटाच्या पैशात बघून होतात. त्यासाठी वेगळी सुट्टी खर्चू नये.

आधी महिना बघा. जून ते सप्टेंबर असेल तर निम्मा निर्णय तिथेच होतो. नेरळ ते माथेरानच्या अलीकडचं अमन लॉज स्टेशन हा गाडीचा मोठा टप्पा पावसाळ्यात बंद असतो, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. वर अमन लॉज–माथेरान शटल तेवढी चालते. हा बंद उगाच नाही. 2005 आणि 2019 च्या पावसात मार्ग वाहून गेला होता. 2019 नंतर पूर्ण मार्ग पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. नाणेघाट पावसात बंद नसतो, पण वरच्या टप्प्यातल्या दगडी पायऱ्या शेवाळतात आणि पाय घसरतो तो बहुतेक उतरताना. शिवाय पावसाळी शनिवार-रविवारी माथ्यावर इतकी गर्दी लोटते, की लेण्यात उभं राहून काही बघणं होत नाही. दोन्हींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

नाणेघाटात बघायचं काय, हे माहीत नसेल तर तो नुसता एक ट्रेक ठरतो. जुन्नरची बाजारपेठ आणि कल्याण-सोपाऱ्याची बंदरं यांना जोडणारी ही सातवाहनकालीन वाट. खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी) अशी ती यादी आहे. दानांचे आकडे अंकांत कोरलेले आहेत आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर सिमुक आणि सातकर्णी हे सातवाहन राजे, नागनिका यांच्या प्रतिमा होत्या. आता पायांचे अवशेष आणि वरची नावं उरली आहेत, म्हणून मूर्ती शोधत बसू नका. अक्षरं समोरून उजेड टाकला तर सपाट दिसतात. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा, खाचा उठून येतात. खडू किंवा पाणी लावू नका. वर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. शेजारी जीवधन किल्ला उभा आहे आणि जुन्नरच्या वाटेवर चावंड, हडसर. वाट राखायला केवढा बंदोबस्त लागत होता, ते या रांगेवरून कळतं.

जायचं कसं? कल्याणहून मुरबाड–टोकावडे मार्गे माळशेजकडे जाणारी एसटी धरायची आणि वैशाखरेच्या थोडं पुढे, नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरायचं. चढायला दोन ते अडीच तास लागतात. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, माणशी तीन लिटर न्या. वर कोरीव टाकी आहेत, पण ते पाणी गाळून-उकळूनच प्यावं. इथे दिवस फसतो तो परतीच्या एसटीमुळे, म्हणून दुपारी दोनच्या पुढे वर थांबू नका. गुडघे कुरकुरत असतील तर जुन्नरहून घाटघर मार्गे गाडी थेट पठारापर्यंत येते. तिथून लेणं चार पावलांवर आहे. पण मग वाट चढण्याची मजा गेली, आणि या ठिकाणाचा अर्थ त्या चढातच आहे.

माथेरानच्या गाडीत बघायचं ते यंत्र. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 मध्ये बांधलेला, दोन फुटी रुळांचा, सुमारे 20 किलोमीटरचा हा मार्ग. चढ 1:20 पर्यंत जातो, तरी दातेरी रूळ नाही. सगळा भार चाक-रुळाच्या घर्षणावर. वळणं इतकी आवळ, की सुरुवातीच्या जर्मन बनावटीच्या वाफेच्या इंजिनांचे टोकाचे आस वळणावर सरकतील असे बनवले होते. ब्रेक हीच जुनी दुखरी नस. पूर्वी ब्रेकमन डब्यांवर बसून हातब्रेक ओढत. 2016 साली गाडी दोनदा घसरल्यावर वाहतूक थांबवली गेली आणि मग हवेचे ब्रेक बसले.

फेऱ्या मोजक्या, डबे लहान. सुट्टीच्या दिवशी तिकीट हुकणं ही नेहमीची गोष्ट, म्हणून कर्जतची पहाटेची लोकल धरून नेरळच्या खिडकीवर लवकर पोहोचा. आदल्या दिवशी वेळापत्रक तपासा. चढायला अडीच तासांच्या आसपास लागतात. जाताना पूर्ण गाडीने जा. इंजिन खरं कष्टतं ते चढावर. येताना अमन लॉजपर्यंत शटल, मग दस्तुरी नाक्यावरून नेरळची शेअर टॅक्सी, वेळ वाचतो. तिकीट नाहीच मिळालं तर हाच रस्ता उलटा करा. दस्तुरीपुढे खाजगी मोटारी जात नाहीत, हा नियम माथेरानच्या वारशाचाच भाग समजावा. रुळांमधून चालत जाणं मात्र गुन्हा आहे, फोटोंसाठीही नको.

बरोबर म्हातारी माणसं किंवा पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर नेरळ, यात वादच नाही. दहा वर्षांपुढची चालणारी मुलं असतील आणि महिना थंडीचा असेल, तर आमचं मत नाणेघाटाला. गाडी बघायला इतिहास ठाऊक असावा लागत नाही. नाणेघाटाला जाण्याआधी मात्र तासभर वाचून जा आणि प्रतिमांवरच्या नावांची ब्राह्मी अक्षरं कागदावर उतरवून न्या, भिंतीवर ती ओळखता येतात.