गाडीचा एसी गार करत नाही: गॅस टॉप-अप करावा की लिकेज काढून पूर्ण भरावा?

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे पारा ४२-४३ वर जातो आणि एसीच्या दुकानांपुढे गाड्या लागतात. तिथं दोन पर्याय मिळतात. एक, गेज (दाब मोजायचं मीटर) लावून कमी पडलेला गॅस वरून भरणं, म्हणजे टॉप-अप. हे अर्ध्या तासात उरकतं. दुसरा, उरलेला गॅस काढून, लिकेज शोधून, व्हॅक्यूम मारून (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून) वजनाने भरणं. यात अर्धा दिवस जातो आणि पैसेही बरेच जास्त लागतात. आमचा कौल दुसऱ्याला आहे. पण आधी एक खात्री करून घ्या: गॅस खरंच कमी झालाय का?

इंजिन आणि एसी चालू ठेवून बोनेट उघडा. एवढ्या उन्हात मिनिटभरात कंडेन्सरचा, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा फिरायलाच हवा. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरची (गॅस दाबणाऱ्या पंपाची) पुढची चकती ‘टक’ करून पुलीसोबत फिरू लागते. ती फिरत नसेल तर पहिल्यांदा फ्यूज आणि रिले तपासा. गाडी पळताना गार आणि रेल्वे फाटकाशी थांबली की गरम हवा, असं होत असेल तर दोष बहुधा पंख्याचा किंवा कंडेन्सरचा असतो. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरवर तंतू आणि धूळ यांचा जाड थर बसतो. बारीक पत्र्यांमधून हवाच जात नाही. साध्या नळाच्या पाण्याने, जमल्यास आतून बाहेर, धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्रे वाकतात. हवा गार आहे पण वाराच कमी येतोय, तर केबिन फिल्टर काढून बघा.

यातून सुटलं नाही तर गेज. इथं बरेच जण फसतात. बंद गाडीवर गेज लावून ‘गॅस आहे की’ म्हणणं निरर्थक आहे. आर-१३४ए (एसीच्या गॅसचा एक प्रकार) असलेली, ४० अंशांत सावलीत उभी थंड गाडी साधारण १३० पीएसआय दाखवते, मग आत २०० ग्रॅम असो की ४५०. आत थोडाही द्रव गॅस शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावरच ठरतो, वजनावर नाही. याच तापमानाला काटा १६०-१७० वर असेल तर आत हवा किंवा भलताच गॅस शिरलाय. तसा माल पूर्ण काढूनच टाकावा लागतो.

चालू गाडीत, १५०० आरपीएमवर, लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) साधारण ३५-५० आणि हाय साइड (त्यातून निघणारी जास्त दाबाची बाजू) २२०-२७० पीएसआय असते. दोन्ही कमी, तर गॅस कमी असण्याचा संभव जास्त. दोन्ही जास्त, तर पंखा, मळलेला कंडेन्सर किंवा आधीच ज्यादा भरलेला गॅस. अशा गाडीत आणखी भरणं म्हणजे कॉम्प्रेसरवर घाव घालणं. लो जास्त आणि हाय कमी, तर कॉम्प्रेसर थकलाय. लो साइड शून्याखाली जात असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस बारीक वाटेने सोडणारा) चोक झालाय किंवा ओलाव्याचा बर्फ त्यात अडकतोय. शेवटच्या दोन्ही दोषांवर कितीही गॅस भरा, फरक पडणार नाही.

टॉप-अप पटतो तो एकाच ठिकाणी: गाडी जुनी, शेवटचा गॅस चार-पाच वर्षांपूर्वीचा, गारवा हळूहळू उतरलेला आणि जोडांवर तेलकट धूळ कुठंच नाही. होजमधून आणि सीलमधून इतक्या वर्षांत थोडा गॅस जातोच. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला यंदा संपला असेल तर भोक आहे, आणि टॉप-अपचे पैसे त्याच भोकातून जाणार. शिवाय आत किती उरलाय हे कोणालाच माहीत नसतं. छोट्या गाडीत एकूणच ४०० ग्रॅमच्या आसपास मावतो, त्यात १०० ग्रॅमची चूक म्हणजे पाव हिस्सा.

पूर्ण भरायचं ठरवलं तर क्रमावर लक्ष ठेवा. गॅस काढल्यावर आधी नायट्रोजन, साधारण १५० पीएसआय, आणि जोडांवर साबणाचं पाणी. दुकानातल्या हवेच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात ओलावा असतो. मग किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम, पंप बंद करून १५ मिनिटं काटा स्थिर. नुसता व्हॅक्यूम टिकला म्हणून लिकेज नाही असं मानू नका: व्हॅक्यूममध्ये फरक जेमतेम १४-१५ पीएसआयचा, गाडी चालताना दाब कितीतरी पट. लाइन बरेच दिवस उघडी राहिली असेल तर ड्रायरही (लाइनमधला ओलावा शोषणारी डबी) बदला. गॅससोबत गेलेलं तेल मोजून परत घालायला सांगा.

लिकेज कूलिंग कॉइलमध्ये निघालं तर डॅशबोर्ड खोलायची मजुरी लागते. तिथं खर्च टाळण्यासाठी डब्यातलं लिकेज-बंद औषध घालू देऊ नका. ते व्हॉल्व्ह चोक करतं. बोनेटखालच्या स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल तर तोच गॅस भरून घ्या. आणि कोणताही पर्याय निवडा, बिलावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहून घ्या. पुढच्या वेळी मेकॅनिकला तपास तिथून सुरू करता येतो.