शोरूमसारखं कपाट, अकरा महिने आणि खालची सहा फूट कड

कपाट बसलं जानेवारीत. मेच्या शेवटी, ऐन नवतप्यात, दुसऱ्या शटरच्या खालच्या कडेवर चिकटवलेली पट्टी एका टोकाने सुटली. पोळ्यापर्यंत तिथला बोर्ड बोटाला जाणवेल इतका फुगला आणि तिसऱ्या शटरनेही तोच रस्ता धरला. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका इंटेरियर शोरूममध्ये मांडलेली बेडरूम बघून हे कपाट तसंच्या तसं करून घेतलेलं आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही. ही चूक कुठल्याही शोरूममधून घरी येऊ शकते, आणि ती पैसे देण्याआधी ओळखता यावी एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

कपाट ६ फूट रुंद, ७ फूट उंच, वर २ फुटांचा लॉफ्ट. १८ मिमीचा प्रीलॅम पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेला, वर लॅमिनेट आधीच बसवलेलं), दीड-दीड फुटाची चार शटरं, ओक रंगाचं मॅट फिनिश, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या. समोरच्या बाजूचं माप धरून ५४ चौरस फूट, दर १,३५० रुपये, म्हणजे ७२,९०० आणि वर जीएसटी.

मार्चमध्ये लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते. त्यातले काही अजूनही द्यायला हवेत, म्हणून आधी ते.

आतली मांडणी शोरूममधून उचलली ते उत्तम झालं. एकाखाली एक दोन दांड्या, प्रत्येकीला ३८ इंच. शर्ट, कुर्ते आणि घडी घालून टांगलेल्या पँट यांना एवढी उंची पुरते आणि एका खणाचं काम दोन खणांइतकं होतं. लांब कपड्यांसाठी एकच अरुंद भाग ठेवला, ६० इंचांचा. फक्त साड्यांच्या फळ्यांचं अंतर शोरूममध्ये १४ इंच होतं, ते १० वर आणलं. १४ इंचांत साड्यांचा ढीग उंच होतो, मधली एक ओढली की सगळा ढीग कलंडतो. शोरूममध्ये त्या फळीवर चारच साड्या असतात, त्यामुळे हे तिथे उभं राहून कळत नाही. लॉफ्टचंही तसंच. तिथे दोन उशा ठेवलेल्या असतात. घरी चार रजया, कूलरच्या जास्तीच्या ताट्या आणि एक मोठी बॅग ठेवायची असते. लॉफ्टचं माप रजईची घडी मोजून द्यावं.

बिजागऱ्यांबद्दल मत बदललं आहे. सॉफ्ट क्लोजचे जास्तीचे पैसे वाया गेले असं पहिले दोन महिने वाटत होतं. कूलर सुरू झाला, खोलीत वारा फिरू लागला आणि मग पटलं. उघडं राहिलेलं शटर वाऱ्याने आपटत नाही, आणि आपटत नसल्यामुळे स्क्रू ढिले होत नाहीत. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा ढिला झाला की तो पुन्हा तशी पकड घेत नाही. सात फुटांच्या शटरचं वजन बारा किलोच्या आसपास असतं. त्याला चार बिजागऱ्या लागतात, तीन चालत नाहीत. इथे चार आहेत आणि अकरा महिन्यांत एकही शटर लोंबलेलं नाही.

रंगाचा घोळ मात्र पहिल्याच दिवशी दिसला. शोरूममध्ये मधासारखा दिसणारा ओक घरच्या ट्यूबखाली राखाडी झाला. शोरूममध्ये ३००० केल्विनचे पिवळसर स्पॉट थेट शटरवर रोखलेले असतात, घरात ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असते. लॅमिनेट तेच, फरक उजेडाचा. कपाटासमोर ४००० केल्विनची पट्टी लावल्यावर रंग बराच जवळ आला. पण हे आधीच करता येतं. नमुन्याचा तुकडा शोरूमच्या दाराबाहेर दिवसाच्या उजेडात न्यावा, नंतर घरी रात्री ट्यूबखाली धरावा, आणि आपल्या फरशीचा एक तुकडा शेजारी ठेवावा. ए-फोर कागदाएवढ्या नमुन्यावर भरवसा ठेवू नये. आठ बाय चारची पूर्ण शीट उभी करून दाखवा म्हणावं. लाकडाच्या रेघा मोठ्या शीटवर फार वेगळ्या दिसतात.

आता खालची कड.

शोरूममधल्या त्या कपाटाचं सगळं देखणेपण एका गोष्टीत होतं. शटरं थेट जमिनीपर्यंत उतरलेली, फरशी आणि शटर यांच्यात जेमतेम १२ मिमीची फट. स्कर्टिंग, म्हणजे कपाटाच्या पायाला झाकणारी खालची आडवी फळी, दिसतच नाही. एकसंध लाकडाची भिंत उभी असल्यासारखं वाटतं. फोटोत हे फार छान येतं आणि तेच बघून बहुतेकजण "असंच पाहिजे" म्हणतात. पण शोरूमची जमीन सपाट असते, तिथे दिवसभर एसी चालतो, आणि त्या कपाटाखाली कोणी रोज ओला पोछा घालत नाही.

नागपूरच्या फ्लॅटमध्ये तिन्ही गोष्टी उलट्या. खोलीच्या फरशीला बाल्कनीकडे उतार. इथे ६ फुटांत १ सेंटिमीटर फरक निघाला. खिडकीत कूलर, आणि बेडची जागा ठरली की कपाट त्याच्या झोतासमोरच येतं. बाहेर हवा कोरडी ठक्क आणि खोलीत दुपारभर ओलसर वारा, असं अडीच-तीन महिने रोज चालतं. त्यात १२ मिमीची फट, म्हणजे पोछ्याचं पाणी रोज कडेला लागणार.

बसवताना काय झालं ते नंतर उलगडलं. फरशीच्या चढामुळे दोन शटरं उघडताना खाली घासत होती. बसवणाऱ्यांनी ती उतरवली, हातात धरायच्या आरीच्या मशीनने खालून चार-पाच मिमी कापली, हाताने नवीन पट्टी चिकटवली आणि पुन्हा टांगली. वीस मिनिटांचं काम. बघताना त्यात वावगं काहीच वाटत नाही.

वावगं असं की कारखान्यातली पट्टी आणि हातची पट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्यात एज बँडिंग मशीन साधारण २०० अंशांना वितळलेला गोंद बोर्डाच्या ताज्या, सरळ कापलेल्या कडेवर लावतं, पीव्हीसीची पट्टी रोलरने दाबतं आणि वरखालचा जास्तीचा भाग छाटतं. गोंदाची रेघ जवळजवळ दिसत नाही. साइटवर मात्र कडेला आरीचे दात उमटलेले असतात, भुसा नीट झाडलेला नसतो, वर रबराचा सोल्यूशन, म्हणजे डब्यातला गोंद, लावून अंगठ्याने दाबलेली पट्टी बसते. त्या सोल्यूशनची पकड उन्हाळ्याच्या उष्णतेत मऊ पडते. पट्टी केसभर सुटली की पाणी आत शिरतं, बोर्ड फुगतो, फुगलेला बोर्ड पट्टीला आणखी ढकलतो. त्यानंतर ते थांबत नाही.

ओळखायचं कसं? मोबाईल जमिनीला टेकवून, कॅमेरा वर करून शटरच्या खालच्या कडेचा फोटो काढावा. हातच्या पट्टीला पिवळट गोंदाची जाड रेघ दिसते, लॅमिनेटच्या काठावर बारीक टवके उडालेले असतात, आणि कोपऱ्यात पट्टी किंचित आत किंवा बाहेर असते. इथे चारही शटरांचे फोटो काढले. दोन आणि तीन नंबरची कड हातची, एक आणि चारची मशीनची. फुगली नेमकी दोन आणि तीन.

दुकानाचं म्हणणं वेगळं होतं. तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी माणूस आला, बघून म्हणाला, "भाऊ, कूलर असला का असं होतेच." फेव्हिक्विकसारख्या गोंदाने पट्टी चिकटवून गेला. तो गोंद कडक असतो, फुगत-आकसत राहणाऱ्या बोर्डावर टिकत नाही. एकोणिसाव्या दिवशी पट्टी पुन्हा सुटली. दहा वर्षांच्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात "पाणी व ओल यांमुळे झालेले नुकसान वगळून" असं लिहिलेलं आहे, ते वाचून दाखवण्यात आलं.

खरं सांगायचं तर कूलरचं कारण सुरुवातीला पटलंही होतं. जुलैपर्यंत मत असं होतं की पार्टिकल बोर्ड घेतला हीच चूक, लकडगंजच्या लाकूडबाजारातून आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणून सुतार बसवला असता तर हे झालं नसतं. ते मत आता तेवढं ठाम नाही. तोच कूलर, तोच पोछा, तोच बोर्ड, आणि मशीनच्या पट्टीची शटरं ठणठणीत राहिली. सुताराच्या कामात चारही कडा हातच्याच असतात; प्लाय पाण्याला टिकेल, पण पट्टी किंवा लॅमिनेटची कड तिथेही उचकटते. शोरूमला जास्तीचे पैसे देतो ते याच मशीनच्या कडेचे. साइटवर आरी लागली की त्या कडेपुरते ते पैसे गेले. चार शटरांच्या चारही कडा मिळून ६८ फूट पट्टी होते. त्यातली खालची फक्त ६ फूट, आणि बिघडलेली ३ फूट. ७२,९०० च्या कपाटात ही पट्टी काही रुपये फुटाने येते. राग तिच्यावरच आहे.

कापायचंच होतं तर शटर कापायला नको होतं. जागेवर आल्याबरोबर फरशी तीन ठिकाणी लेव्हलने तपासायची, जिथे फरशी सर्वात उंच असेल ती जागा धरून कपाटाचा पाया घ्यायचा, उताराच्या बाजूला पाय फिरवून उंच करायचे, आणि फरक स्कर्टिंगच्या फळीत कापून काढायचा. स्कर्टिंग खराब झालं तर काही शे रुपयांत बदलतं.

दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये एका सुताराकडून केली. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळवला तरी पूर्ववत बसत नाही, त्यामुळे तो भाग कापूनच टाकावा लागतो. चारही शटरं उतरवून खालून सरळ २ इंच कापली, बारीक दातांची पात आणि मार्गदर्शक पट्टी लावून, लॅमिनेटवर आधी चिकटपट्टी डकवून, म्हणजे टवके उडत नाहीत. कापलेली कड घासून, भुसा झाडून तिच्यावर पीयू सीलरचे (ओल अडवणाऱ्या पॉलियुरेथेन लेपाचे) दोन हात दिले, मधे वाळायला एक रात्र. मग ०.८ मिमीऐवजी २ मिमी जाडीची पीव्हीसी पट्टी लावली. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मग दाबायचं असतं. घाईत ओलं दाबलं की तीच गत. पट्टी हातचीच आहे, पण तिच्यामागचा बोर्ड आता सील केलेला आहे आणि पोछा तिथपर्यंत पोचत नाही. मागचा पाया उघडा पडला, तिथे १०० मिमीचं ॲल्युमिनियमचं स्कर्टिंग लावलं. मजुरी आणि सामान धरून २,६०० रुपये. एकसंध भिंतीसारखं ते रूप गेलं. खाली चंदेरी पट्टा दिसतो.

शोरूमला जाऊच नये असं अजिबात म्हणणं नाही. मांडणी, उंची-खोलीची मापं, रंगांच्या जोड्या यांसाठी तिथे दोन तास फिरण्यासारखं दुसरं काही नाही. पण पहिल्या फेरीत फक्त बघावं. दुसऱ्या फेरीला टेप न्यावा. बेडच्या तिन्ही बाजूंना किती जागा सोडली आहे ते मोजावं, बेड घरच्या ६ बाय साडेसहाच्या मापाचा आहे की छोटा ते बघावं. स्पॉट बंद करायला सांगावेत. मांडलेल्या खोलीत कूलरची खिडकी कुठे येईल ते मनात ठरवावं. कूलरच्या बाजूला जमिनीपर्यंतचे पडदे लावले तर ते दोन महिन्यांत खालून काळे पडतात, तिथे खिडकीपुरताच पडदा बरा. खोबणींचे पॅनल आवडले तर आपल्या धुळीत ते आठवड्याला ब्रशने झाडावे लागतील हे धरून चालावं. फॉल्स सिलिंग आवडलं तर पंख्याची पाती आणि सिलिंग यांत फूटभर अंतर उरतंय का ते बघावं, नाहीतर पंखा हवा ओढत नाही. शोरूममध्ये वर पंखाच नसतो.

आणि कोटेशनवर तीन ओळी लिहून घ्याव्यात. स्कर्टिंग किमान ४ इंच, दिसणारं. शटरांच्या कडा चारही बाजूंनी मशीनच्या, खालची २ मिमीची. साइटवर शटर कापायची वेळ आली तर ते कारखान्यात परत नेऊन पट्टी लावणार. तिसऱ्या ओळीला विक्रेता का-कू करतो. तिथेच थांबावं आणि ती ओळ लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नये.

कापून निघालेल्या दोन इंची तुकड्यांपैकी एक चार नंबरच्या शटरचा होता. त्याच्या एका लांब कडेला मशीनची पट्टी आणि दुसरी कड सुताराने नुकतीच कापलेली, उघडी. तो रात्रंदिवस, चोवीस तास बादलीत बुडवून ठेवला. उघडी कड १८ वरून २२ मिमी झाली, पट्टीची कड साडेअठरावर थांबली. तुकडा वाळवून कपाटाच्या वर ठेवला आहे. ओळखीचं कोणी शोरूम बघायला निघालं की तो त्यांच्या हातात देता येतो.