९९ रुपयांचं समुपदेशन आणि त्यानंतरची धमकी

कोल्हापुरात मानसोपचारतज्ज्ञाकडं गुपचूप जाणं अवघड. सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं की मागनं कुणीतरी विचारणारच, "काय गं, इकडं कुठं?" घटस्फोटाची केस चालू, मुलाच्या ताब्यावरनं भांडण, रात्री झोप नाही, मधेच छातीत धडधड. अशात फोनवर जाहिरात आली: तणाव, चिंता, आयुष्यातले बदल, सगळ्यावर मराठीत ऑनलाइन समुपदेशन, पहिलं सेशन ९९ रुपये. घरबसल्या बोलता येईल म्हणून पैसे भरले.

त्या ९९ च्या पेमेंटमध्येच पहिली मेख होती. पिन टाकायच्या पानावर खाली बारीक अक्षरात 'मासिक, कमाल २,९९९' असं होतं. म्हणजे ती ऑटोपेची परवानगी. एकदा पिन दिला की पुढचे हप्ते परत पिन न विचारता खात्यातून जातात. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, पण बँकेचे मेसेज कोण एवढं वाचतं? तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाचा भाग असतो, तिथनं परवानगी रद्द होते. हे वाचताय तोवर एकदा उघडून बघाच.

समुपदेशन करणाऱ्या मॅडम मात्र फार गोड. "ताई, मोकळ्या व्हा, इथलं इथंच राहतं." मी बोलले. झोपेची गोळी घेते ते, रागाच्या भरात एकदा पोराला चापट मारली ते, सगळं. शेवटी त्यांनी एक 'टेस्ट' घेतली आणि निकाल लाल रंगात दाखवला: हाय रिस्क. त्यावर लगोलग १८,००० चं पॅकेज, सवलत रात्री बारापर्यंतच. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून वर मुदत घालायची, हे साड्यांच्या सेलला शोभतं.

मी नोंदणी क्रमांक विचारला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडं असते. नुसता 'समुपदेशक' असा बोर्ड मात्र कुणीही लावू शकतो. मानसशास्त्रात एमए केलेले चांगले समुपदेशकही आहेत, पण ते कुठं शिकले, कुठं काम केलं हे विचारल्यावर सरळ सांगतात. मला उत्तरादाखल सोनेरी शिक्क्याचं 'इंटरनॅशनल माइंड कोच' असं सर्टिफिकेट आलं.

मी ऑटोपे बंद केलं, कापलेले पैसे परत मागितले. दुसऱ्या नंबरवरनं मेसेज आला: "ताई, तुमचं सेशन रेकॉर्ड आहे. मुलाच्या ताब्याची केस चालू आहे ना? बघा, पॅकेजचे पैसे भरून टाका."

हात गार पडले. वकीलबाईंना फोन केला तर त्या जरासुद्धा दचकल्या नाहीत. "पैसे एक रुपया द्यायचा नाही. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. स्क्रीनशॉट काढ, नंबर ब्लॉक करू नकोस अजून, चॅट तर अजिबात पुसू नकोस." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग सायबर पोलिसांकडं प्रिंट घेऊन गेले. तिथल्या हवालदारांनी सगळ्यात आधी यूपीआय व्यवहाराचा क्रमांक विचारला, तो स्टेटमेंटमध्ये असतो. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवायची शक्यता जास्त.

मधल्या काळात बोलायला कुणीतरी हवं होतंच. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडल्या बाईंनी यूपीआय, पॅकेज असलं काही काढलं नाही. झोपेच्या गोळ्या कुणी लिहून दिल्यात एवढं विचारलं आणि डॉक्टरला दाखवायला सांगितलं. शेवटी सीपीआरलाच गेले. रांगेत गल्लीतल्या एक काकू भेटल्याच, पण त्याही तिथं स्वतःसाठीच आल्या होत्या.

पैसे अजून आलेले नाहीत. धमकीचे मेसेज पोलिसांचा फोन गेल्यावर थांबले. ती जाहिरात मात्र परवा वेगळ्या नावानं मावसबहिणीच्या फोनवर दिसली, म्हणून हे लिहायला बसले.